जुन्या रिव्हॉल्व्हरचे मोल: चकाकी, गंज आणि कागद

१/ धुळ्याच्या वा जळगावच्या एखाद्या जुन्या वाड्यात पणजोबांचे रिव्हॉल्व्हर निघाले, की बहुधा दोन गोष्टी घडतात. ते पॉलिश पेपरने घासून लख्ख केले जाते आणि ‘हे बेचाळीसच्या चळवळीतले’ अशी कथा त्याला चिकटवली जाते. पहिल्या कृतीने खरा पुरावा पुसला जातो, दुसरीने खोटा जन्मतो. तरीही या दोन्हींना वारसाप्रेम म्हटले जाते!

२/ जुन्या शस्त्राची स्थिती म्हणजे चकाकी नव्हे. पोलादावरची मूळ निळसर-काळी झाक, कारखान्याचे ठसे, सांगाड्यावरचा क्रमांक, मुठीच्या मूळ पट्ट्या यांपैकी किती उरले आहे, हे जाणता संग्राहक पाहतो. घासल्याने कडा बोथट होतात, ठसे विरतात. म्हणून नव्याने मुलामा दिलेल्या नगापेक्षा मूळ झाक विटलेल्या नगाला सहसा अधिक किंमत येते.

३/ गंजाने मोल संपते काय? २०१९ साली पॅरिसमध्ये पूर्ण गंजलेले, निकामी असे एक ७ मि.मी. लफोशो रिव्हॉल्व्हर १,६२,५०० युरोंना विकले गेले. व्हॅन गॉगने स्वतःवर गोळी झाडली ती यातूनच, असा केवळ संभव होता.

४/ त्याच जातीचे दुसरे रिव्हॉल्व्हर २०१६ साली ४,३४,५०० युरोंना गेले. १८७३ साली ब्रसेल्समध्ये कवी व्हर्लेनने रँबोवर यातूनच गोळी झाडली होती. ते सुस्थितीत होते, हे खरे. परंतु एरवी ते एक साधे खिशातले शस्त्र. त्याच्यामागे खटल्याचे कागद आणि विक्रेत्याच्या वहीतील जुळणारा क्रमांक उभा होता.

५/ आपल्याकडचे उदाहरण पिस्तुलाचे आहे. साँडर्सवधातील भगतसिंगांचे कोल्ट पिस्तूल इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहात अनेक वर्षे अनोळखी पडून होते. रंगाचा थर खरवडल्यावर १६८८९६ हा क्रमांक दिसला आणि तो खटल्याच्या नोंदीशी जुळला. तो क्रमांकच कुणी घासून टाकला असता तर?

६/ १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. उद्या कुणी ‘त्या लुटीतले रिव्हॉल्व्हर’ पुढे केले, तर क्रमांक, परवाना, जप्तीची नोंद किंवा समकालीन पत्र मागितलेच पाहिजे. ते नसेल, तर त्या शूरांच्या नावाचा तो व्यापार ठरतो.

७/ हे शिकण्यासाठी पॅरिसला जाण्याची गरज नव्हती. बखरींपेक्षा अस्सल समकालीन कागद श्रेष्ठ, हे आयुष्यभर बजावणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच निवर्तले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच शहरात आहे. त्याच खानदेशात ऐकीव कथेवर किंमत ठरावी, ही शोकांतिका होय.

८/ कायदाही स्पष्ट आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना अग्निशस्त्र बाळगणे गुन्हा आहे आणि त्यावरील क्रमांक खोडणे हाही गुन्हा आहे. जुन्या शस्त्रांना मिळणारी सूट दुरुस्तीनंतरही न चालणाऱ्या शस्त्रांपुरतीच आहे.

९/ म्हणून असे शस्त्र सापडल्यास प्रथम पोलीस ठाण्याला कळवावे. सोबतचा परवाना, पत्रे आणि पावत्या जपाव्यात. शस्त्राला पॉलिश पेपर लावू नये, आणि पुराव्यावाचून कोणत्याही हुतात्म्याचे नाव त्याला जोडू नये.