रक्ताचं पाणी
आर्केडमध्ये गाजलेला ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम १३ सप्टेंबर १९९३ ला अमेरिकेत घरच्या टीव्हीवर आला. निन्टेन्डोची आवृत्ती दिसायला सरस, पण अगदी सोवळ्यातली: ठोसा बसला की रक्ताऐवजी करडा घाम उडायचा! सेगाच्या जेनेसिस कन्सोलवर रंग फिके, आवाज यथातथाच, मूळ पॅडवर बटणंही तीनच. मात्र सुरुवातीला ए-बी-ए-सी-ए-बी-बी दाबलं की लाल शिंतोडे हजर. पोरांनी कुठली उचलली, हे सांगायला नकोच. खेळ हुबेहूब उतरवणं म्हणजे नुसती चित्रं उतरवणं नव्हे, हे निन्टेन्डोला जरा उशिरा उमगलं. खेळांतल्या हिंसेवरून डिसेंबरात सिनेटमध्ये सुनावणी झाली, १९९४ मध्ये खेळांवर वयाचे शिक्के आले आणि त्याच वर्षी निन्टेन्डोवर दुसरा भाग आला तो रक्तासकट.