न पेटलेला टेस्टर

आमच्या घरची हत्यारे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात. पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, काळी चिकटपट्टी आणि टेस्टर. यातला सर्वांत विश्वासाचा टेस्टर, आणि त्यानेच मला एकदा स्टुलावरून खाली आणले. बोर्ड उघडून टेस्टर लावला, पेटला नाही, म्हणून बिनधास्त हात घातला. टेस्टरमधला निऑनचा दिवाच गेलेला होता! न पेटलेला टेस्टर म्हणजे वीज नाही, असे आपण सारेच धरून चालतो.

आमचे वायरमन हे ऐकून हसले नाहीत, रागावले. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पाहायचा, मग कामाच्या जागी, आणि काम सुरू करण्यापूर्वी पुन्हा त्याच सॉकेटमध्ये. शिवाय तो फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटली तरी ऐटीत पेटतो आणि पंखा मात्र ढिम्म. ते ओळखायला त्यांच्या पिशवीत होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही शाबूत असतील तरच तो उजळतो.

तसा बल्ब आता आमच्याही डब्यात आहे. मेन स्विच बंद केल्याशिवाय बोर्डाचा स्क्रू मात्र घरची मंडळी मला काढू देत नाहीत.