मुलांच्या हाती कोणाचा फलक?

मोर्चा निघाला की त्याच्या अग्रभागी बापाच्या खांद्यावर बसलेले एखादे पाच-सहा वर्षांचे मूल हटकून दिसते. त्याच्या कपाळावर पट्टी असते, हातात फलक असतो, आणि घोषणेचा शेवटचा शब्द ते मोठ्या हौसेने ओढून म्हणत असते. छायाचित्रकार प्रथम धावतात ते त्याच्याकडेच, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर झळकते तेही बहुधा तेच छायाचित्र. या दोषातून आम्ही स्वतःस वगळू इच्छीत नाही. हे दृश्य कोणा एका पक्षाचे नाही. उजवे असोत, डावे असोत, सर्वांच्याच मोर्चांत ते आढळते. म्हणूनच त्याचा विचार पक्षाभिनिवेश बाजूस ठेवून करावयास हवा.

हा प्रश्न देशापुढे सर्वांत तीव्रतेने आला तो २०२० च्या प्रारंभी. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध दिल्लीच्या शाहीनबागेत डिसेंबर २०१९ पासून स्त्रियांनी रस्त्यावर ठाण मांडले होते. आईबरोबर तेथे नेले जाणारे चार महिन्यांचे एक बालक जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत दगावले. मुंबईच्या एका बारा वर्षांच्या मुलीने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची दखल घेतली. चार महिन्यांचे मूल निदर्शनास जाते कसे, असा सवाल तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी १० फेब्रुवारी रोजी केला. त्या सवालास सरळ उत्तर कोणापाशीही नव्हते.

तथापि त्या मातेस दूषण देऊन मोकळे होणे आम्हांस सोपेपणाचे वाटते. घरी मूल सांभाळावयास आजी नाही, दाई ठेवण्याची ऐपत नाही, अशा स्त्रीने मुलाला कोठे ठेवावे? आमच्याच मराठवाड्यातून ऊसतोडीस निघालेली बाई तान्हे मूल फडात घेऊन जाते, तेव्हा तिला कोणी न्यायालयात खेचत नाही. ज्या स्त्रीचे मूल कामावर तिच्यासोबत जाते, तिचे मूल तिच्या मोर्चातही जाणारच. त्या मुलाला ऊब, पाणी व आडोसा मिळेल, एवढे पाहणे हे आंदोलनाच्या चालकांचे कर्तव्य होय. पण मूल नाइलाजाने कडेवर असणे वेगळे, आणि त्याच्या हातात फलक देऊन त्याला पुढे करणे वेगळे. आमचा आक्षेप आहे तो या दुसऱ्या प्रकारास.

यावर कोणी इतिहासाची साक्ष काढील. नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीस बळी पडला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे मे १९६३ मध्ये शेकडो कृष्णवर्णीय विद्यार्थी शाळा सोडून रस्त्यावर उतरले. त्यांच्यावर कुत्रे सोडण्यात आले, पाण्याचे प्रचंड झोत मारण्यात आले. ती दृश्ये पाहून अमेरिकेची सदसद्विवेकबुद्धी हादरली, आणि पुढील वर्षी नागरी हक्कांचा कायदा संमत झाला. ही उदाहरणे आम्हांस मान्य आहेत. परंतु त्यांतील तपशील विसरून चालणार नाही. ज्या वर्णभेदाविरुद्ध ती मुले उभी राहिली, तो त्यांनी स्वतः सोसला होता. त्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, बागा वेगळ्या होत्या. अहिंसेचे शिक्षण देऊन त्यांना तयार केले गेले होते. आणि तरीही मुलांना पुढे करण्याविषयी मार्टिन ल्यूथर किंग यांचे मन प्रारंभी कचरत होते, तर माल्कम एक्स यांनी त्याबद्दल उघड टीका केली. ज्यांचा लढा न्याय्य होता, त्यांनाही जेथे संकोच वाटला, तेथे आपण निःसंकोच व्हावे हे कितपत योग्य?

शाहीनबागेतील मातांच्या बाजूने न्यायालयात ग्रेटा थुनबर्ग या स्वीडिश मुलीचा दाखला देण्यात आला. तो दाखला उलट बाजूने बोलतो. ऑगस्ट २०१८ मध्ये ती संसदेबाहेर बसली ती पंधराव्या वर्षी, एकटी. शाळा बुडवण्यास तिच्या आईबापांची संमती नव्हती. मुलाने आईबापांचे न ऐकता मोर्चास जाणे, आणि आईबापांनी मुलाला न विचारता तेथे नेणे, या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. वर्गात एखाद्या वादाच्या विषयावर मुलांचे मत विचारले, की हात वर होण्यापूर्वी डोळे शिक्षकाच्या चेहऱ्याकडे वळत. गुरुजींना काय हवे आहे, हे ओळखून मग हात वर होत. मूल होकार देते तो मताला नव्हे, माणसाला. आईबापांच्या बाबतीत तर हे दसपट खरे. ज्याच्यावर आपले सर्व प्रेम, सर्व सुरक्षितता अवलंबून आहे, त्याने हातात दिलेला फलक सहा वर्षांचे मूल नाकारणार कसे? त्या फलकावरील मत बापाचे असते. मूल केवळ त्याची काठी असते.

बालकाच्या हक्कांविषयीचा राष्ट्रसंघाचा करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. त्यात मुलाला मत मांडण्याचा व शांततेने एकत्र येण्याचा हक्क आहे, आणि मुलाचे हित अग्रस्थानी मानण्याचे बंधनही आहे. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रचारात मुलांचा वापर करण्यास पक्षांना सक्त मनाई केली, हे योग्यच झाले. पण या चिंतेचे निमित्त करून सरकारने मुलांवर व पालकांवर दंडुका उगारावा, हे आम्हांस बिलकूल मान्य नाही. जानेवारी २०२० मध्ये कर्नाटकातील बिदरच्या एका शाळेत याच कायद्यावर मुलांनी नाटुकले केले, म्हणून राजद्रोहाचा गुन्हा नोंदविला गेला. मुख्याध्यापिका व एका विद्यार्थिनीची आई यांना तुरुंगात जावे लागले, आणि गणवेशातील पोलीस लहान मुलांची पुनःपुन्हा उलटतपासणी करीत राहिले. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. मुलांना राजकारणात ओढल्याचा दोष ज्यांच्यावर ठेवला गेला, त्यांच्यापेक्षा त्या मुलांना पोलिसांसमोर बसविणाऱ्यांनीच त्यांना राजकारणाचे कटू रूप अधिक दाखविले.

तेव्हा कायद्यापेक्षा आईबापांच्या विवेकावरच आमची भिस्त आहे. मुलाला देशात काय चालले आहे ते सांगावे. अन्याय कशाला म्हणतात, हे जेवणाच्या पानावर समजावून द्यावे. जेथे गर्दी आटोपशीर आहे व परतीची वाट मोकळी आहे, अशा सभेस त्याला न्यावयासही हरकत नाही. मात्र "मला घरी जायचंय" असे त्याने म्हणताच ज्याची पावले मागे वळतील, त्यानेच त्याला न्यावे. आणि न समजलेली घोषणा त्याच्या तोंडी घालू नये.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी निघालेले हजारो शेतकरी व आदिवासी मुंबईच्या वेशीवर पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. दिवसा रस्ते अडले तर मुलांची परीक्षा चुकेल, म्हणून दिवसभर चालून थकलेली ती माणसे सोलून निघालेल्या पायांनी रात्रीच उठली, आणि उजाडण्यापूर्वी शीवहून आझाद मैदानात जाऊन बसली. ती मुले त्यांची नव्हती, शहराची होती. परक्याच्या मुलाची एवढी काळजी वाहणारे आंदोलन महाराष्ट्राने पाहिले आहे. स्वतःच्या मुलाबाबत तेवढीच काळजी सुशिक्षित आईबापांनी घ्यावी, ही अपेक्षा खचितच जास्त नाही.