विश्लेषण : अलास्काच्या टाँगस जंगलात रस्ते आले तर काय होईल?

जिथल्या बऱ्याच भागात रस्त्याने पोहोचता येत नाही, अशा जंगलाला २००१ पासून संरक्षण देणारा नियम रद्द करण्याची प्रक्रिया अमेरिकी सरकारने सुरू केली आहे. पर्यटन, मासेमारी आणि लाकूड या तिघांचेही हितसंबंध त्यात गुंतले आहेत.

अलास्काची राजधानी जुनो येथे विमानाने किंवा फेरीबोटीने जाता येते, मोटारीने नाही. शहरातून निघालेला रस्ता पुढे जंगलात संपतो. हे जंगल म्हणजे टाँगस. १ कोटी ६७ लाख एकरांचे, म्हणजे केरळच्या पावणेदोन पट. अमेरिकेतील हे सर्वांत मोठे राष्ट्रीय वन.

वर्षावन, तेही थंड प्रदेशात?

वर्षावन म्हटले की ॲमेझॉन आठवते. पण प्रशांत महासागरावरून येणारे ढग अलास्काच्या किनारी डोंगरांना अडतात आणि वर्षभर बरसतात. केचिकन गावात वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीसारखा तो चार महिन्यांत उरकत नाही. या ओलाव्यावर सिटका स्प्रूस, हेमलॉक आणि सीडर वाढतात; काही झाडे कित्येक शतके जुनी आहेत.

या झाडांना समुद्राचेही खत मिळते. सामन मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांत चढतात, अस्वले ते पकडून झाडीत नेतात आणि अर्धवट खाऊन टाकतात. त्यातला नायट्रोजन मुळांत उतरतो. ओढ्यावर सावली धरून पाणी थंड ठेवणारी झाडे गेली की सामनही अडचणीत येतो. त्यामुळे इथला मच्छीमार जंगलाच्या प्रश्नात पहिल्या रांगेत असतो.

इथे फिरतात कसे?

जुनोच्या धक्क्याला लागणाऱ्या महाकाय क्रूझमधून एकेका वेळी तीन-चार हजार माणसे उतरतात. गर्दीला कंटाळून शहराने दिवसाला पाचच मोठ्या जहाजांची मर्यादा क्रूझ कंपन्यांशी ठरवून घेतली. छोट्या जहाजांचा मामला वेगळा. शंभराच्या आत प्रवासी, धक्का नसलेल्या खाडीत नांगर आणि तिथून रबरी होडी किंवा कयाक. किनाऱ्यावर उतरले की अस्वलांच्याच वाटेवरून चिखल तुडवत चालायचे. कायद्याने घोषित वन्यक्षेत्रात एका गटात १२ पेक्षा जास्त माणसे नेता येत नाहीत. ॲडमिरल्टी बेटावर तळी आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा यांची एक जुनी वाट आहे. तिथे कनू काही अंतर खांद्यावरून न्यावी लागते. प्रवासी पैसे मोजतात ते याच गैरसोयीसाठी.

नियम काय, वाद काय?

बिल क्लिंटन यांच्या कारकीर्दीच्या अखेरीस, जानेवारी २००१ मध्ये, ‘रोडलेस रूल’ आला. राष्ट्रीय वनांतील रस्ते नसलेल्या भागांत नवे रस्ते आणि व्यापारी तोड यांवर बंदी आली. टाँगसमधील सुमारे ९२ लाख एकर त्यात येतात. ट्रम्प सरकारने २०२० मध्ये टाँगसला यातून वगळले, बायडेन सरकारने २०२३ मध्ये पुन्हा आत घेतले. जून २०२५ मध्ये कृषिमंत्री ब्रूक रोलिन्स यांनी संपूर्ण नियमच रद्द करण्याचा इरादा जाहीर केला. वणवे रोखणे सोपे होईल, हे त्यामागचे एक कारण दिले गेले. पश्चिमेकडील कोरड्या जंगलांबाबत यावर वाद होऊ शकतो. पण टाँगसमध्ये लाकूड वाळायलाच उसंत मिळत नाही.

लाकडाचे गणित जुळते का?

१९५० च्या दशकात सरकारने इथल्या लगदा गिरण्यांशी ५० वर्षांचे करार केले. सिटकाची गिरणी १९९३ मध्ये आणि केचिकनची १९९७ मध्ये बंद पडली. आता या भागातील रोजगारात लाकडाचा वाटा नगण्य आहे. मासेमारी आणि पर्यटन त्याच्या कितीतरी पुढे आहेत. शिवाय डोंगराळ बेटांवर रस्ता बांधण्याचा खर्च लाकडाच्या विक्रीतून निघत नाही, फरक करदाता भरतो.

तरीही अलास्काचे राज्य सरकार आणि सिनेटर रद्दीकरणाच्या बाजूने आहेत. वॉशिंग्टनमधून आमच्या जमिनीचे निर्णय नकोत, जलविद्युत आणि खाणींसाठी वाट हवी, असे त्यांचे म्हणणे. ही तक्रार अगदीच पोकळ नाही. बेटांवरच्या गावांत डिझेलवरची वीज महाग पडते. मात्र जलविद्युतसारख्या अनेक प्रकल्पांना हा नियम लागू असतानाही मंजुरी मिळाली आहे. दुसरीकडे, इथल्या अनेक त्लिंगिट आणि हैडा आदिवासी पंचायतींनी संरक्षण कायम ठेवण्याची मागणी केली आहे. शिकार, मासे आणि रानबोरे हे त्यांच्या घरचे अन्न.

लगेच कुऱ्हाड चालेल का?

नाही. संसदेने कायद्याने घोषित केलेली वन्यक्षेत्रे, ॲडमिरल्टी बेटाचा बहुतांश भाग त्यात येतो, या बदलातून सुटतील. धोका आहे तो फक्त नियमाच्या आधारावर टिकलेल्या खाड्यांना. जहाजाच्या डेकवरून या दोन्हींतला फरक दिसत नाही. सरकारने अंतिम निर्णयासाठी २०२६ अखेरचे वेळापत्रक आखले आहे. त्यानंतरही प्रत्येक रस्ता आणि लाकूडविक्रीला स्वतंत्र मंजुरी लागेल आणि टाँगसचा इतिहास पाहता प्रकरणे न्यायालयात जातील.