विनोद हें तोंडीलावणें नव्हे

विनोदी लेखकाचा गौरव करण्याची आपल्याकडे एक ठराविक रीत आहे. "यांनीं आम्हांस घटकाभर हसविलें, संसारतापाचा विसर पाडला," असें म्हणून त्याच्या गळ्यांत हार घालावयाचा. आणि वाङ्मयाचें पान वाढावयाची वेळ आली म्हणजे त्याच्या कृतीची जागा डाव्या बाजूस, चटणी-कोशिंबिरीच्या शेजारीं ठरवावयाची. ही रीत आम्हांस मान्य नाहीं. विनोदाची उघड निंदा करणाऱ्यांपेक्षां अशी स्तुति करणाऱ्यांनींच त्याची अधिक हानि केली आहे, असें आमचें मत आहे.

विनोदाला दुय्यम लेखणारे प्रथम शास्त्राकडे धांव घेतात. भरतानें नाट्यशास्त्रांत शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे चार मूळ रस मानले व हास्य शृंगारापासून उत्पन्न होतें असें म्हटलें; सबब हास्याचा मान खालचा, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु त्याच ठिकाणीं करुण हा रौद्रापासून उत्पन्न होतो असेंही भरत सांगतो. मग करुणाला कोणी दुय्यम कां म्हणत नाहीं? भवभूतीनें तर त्याला सर्व रसांच्या मुळाशीं नेऊन बसविलें. जन्माच्या क्रमावरून योग्यता ठरवावयाची झाल्यास अश्रूंनाही हास्याच्याच पंक्तीला बसावें लागेल. शिवाय, स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगून शास्त्रकारानें ते उत्तम, मध्यम व अधम पात्रांस दोन-दोन वांटून दिले आहेत. म्हणजे उत्तम आणि अधम हा भेद हास्याच्या आंतच आहे. हास्य एका बाजूस व इतर रस दुसऱ्या बाजूस, असा तो नाहीं.

दुसरा आक्षेप असा, कीं विनोदानें गांभीर्याचा भंग होतो. फार तर शोकाच्या दोन प्रवेशांमध्यें प्रेक्षकाला विसांवा म्हणून तो चालेल. या मंडळींनीं गडकऱ्यांचें 'एकच प्याला' पुन्हां वाचावें. लेखकाच्या मृत्यूनंतर १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या या शोकान्त नाटकांत तळीराम आणि त्याचें आर्यमदिरामंडळ केवळ विसांव्यासाठीं आहे काय? मद्यपानाच्या समर्थनार्थ तेथें जे तर्कट लढविलें जातें, त्याला आपण खो खो हसतों. आणि हसतां हसतां उमगतें, कीं बुडणारा मनुष्य अशाच तर्कटाच्या आधारानें आपली समजूत घालीत असतो. तळीराम काढून टाका. सिंधूच्या दुःखानें आपण तेव्हांही रडूं, पण सुधाकर कसा बुडाला हें आपणांस तितकें कळणार नाहीं. जें ज्ञान रडून मिळत नाहीं तें येथें हसून मिळतें.

हेंच आमचें मुख्य म्हणणें आहे. विनोद ही सत्य पारखण्याची एक रीति आहे. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें. एका भोळ्या कुणबी जोडप्याला ग्रहांची भीति घालून जोशी लुबाडतो, आणि विदूषक मध्यें येऊन त्या लुबाडणुकीची शिवण उसवून दाखवितो. दक्षिणा प्राइज कमिटीनें तें नाटक स्वीकारलें नाहीं, आणि पुढें शतकाहून अधिक काळ तें अप्रकाशित राहिलें. नकाराचें कारण एकटा विदूषकच होता असें आम्ही म्हणत नाहीं; पण त्याचें बोलणें घटकाभराची करमणूक आहे असें त्या कमिटीला खास वाटलें नसावें! श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं १९०२ सालीं 'विविधज्ञानविस्तारां'त 'साक्षिदार' हा लेख लिहिला, आणि पुढें सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या या त्रयीच्या हातून आपल्याच समाजाच्या रूढींची झाडाझडती घेतली. ते पोहे चवीचे होते, तसेच पचावयास जडही होते.

मात्र जें जें हसवितें तें तें सारें आम्ही पाठीशीं घालणार नाहीं. तोतऱ्याची जीभ, बहिऱ्याचे कान, खेडुताची बोली, जाड्या बाईचें शरीर, यांवर पोट भरणारा विनोद मराठी रंगभूमीवर व कागदावर पुष्कळ झाला आहे. तो अधम होय. आणि त्याचें अधमपण विनोद असण्यांत नसून, जो आधींच खालीं पडला आहे त्याच्यावर पाय देण्यांत आहे. उलट चिं. वि. जोशी यांचा चिमणराव पाहा. पाली भाषेच्या या पंडितानें निर्माण केलेला चिमणराव फजिती सांगतो ती स्वतःची, आणि वाचकाला त्यांत आपलें घर दिसूं लागतें. बाण कोणाला लागतो, हें पाहिलें म्हणजे विनोदाची जात कळते.

कोणी म्हणेल, आतां ही तक्रार कशाला? पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७४ सालीं ते संमेलनाध्यक्षही झाले. खरें आहे. परंतु मान देणें निराळें आणि मर्म जाणणें निराळें. आजही विनोदी पुस्तकाच्या परीक्षणांत "हसून हसून पुरेवाट झाली" यापलीकडे परीक्षकाची लेखणी सहसा सरकत नाहीं. आणि विनोदाला तोंडीलावणें समजण्याची संवय जडलेला समाज, त्यांतील मिरची जिभेला लागली कीं चवताळून उठतो व लेखकाकडे क्षमायाचना मागतो. निरुपद्रवी म्हणून केलेली स्तुति आणि उपद्रवी म्हणून केलेला आरडाओरडा, यांचें मूळ एकच: विनोद कांहीं सांगत असतो, हेंच आपण मानलेलें नाहीं.

म्हणून टीकाकारांस आमचें सांगणें एवढेंच, कीं विनोदी ग्रंथ हातीं आल्यावर किती हसलों हें सांगून थांबूं नये. कशाला हसलों, कोणाच्या बाजूनें हसलों, आणि हसून झाल्यावर काय दिसलें, याचा जाब त्या ग्रंथाला विचारावा. ज्या विनोदापाशीं उत्तर नसेल तो खुशाल कोशिंबिरीशेजारीं जावो. ज्यापाशीं असेल, त्याला पानाच्या मध्यभागीं, भातावरणाच्या जागीं वाढण्यास कोणाचीही हरकत नसावी.