गिझर बिघडला नव्हताच!

तर झालं असं. मागच्या आठवड्यात, ऐन थंडीत, आमच्या डोंबिवलीच्या घरातला गिझर बंद पडला. म्हणजे स्विच टाकला की घरभर अंधार. मेन बोर्डावरचा आरसीसीबी खाली. तो वर केला, पुन्हा स्विच टाकला, पुन्हा अंधार. मला नेहमीची फास्ट पकडायची होती, ठाण्याच्या ऑफिसात दहाला मीटिंग. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि म्हटलं, "काका, काहीही करा, पण चालू करून द्या."

काकांनी दहा मिनिटांत दिला चालू करून. "आरसीसीबी खराब झालाय, डायरेक्ट केलंय." मी खूश!

गुरुवारी रात्री जेवताना आई सहज म्हणाली, "पाणी छान तापतं रे आता. फक्त नळाला हात लावला की जरा झिणझिण्या येतात."

घास हातातच राहिला.

आरसीसीबीचं काम तसं साधं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो बघतो. परत आला नाही म्हणजे कुठेतरी भलत्याच वाटेने जातोय, कदाचित माणसाच्या अंगातून. घरातला आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअरच्या फरकाला वीज तोडतो. 2000 वॉटचा गिझर घेतो जवळपास 9 अँपिअर. म्हणजे त्याच्या तीनशेव्या हिश्श्याएवढी गळती! एमसीबीला ती दिसतसुद्धा नाही, कारण तो फक्त ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट बघतो.

त्याच रात्री गिझरचा प्लग काढला. शुक्रवारी आंघोळीचं पाणी गॅसवर. शनिवारी दुसऱ्या मेकॅनिककडून आरसीसीबी पुन्हा जोडून घेतला आणि शांतपणे डीबगिंगला बसलो. गिझर काढलेला असताना आरसीसीबी टिकतो? टिकतो. त्याच सॉकेटला इस्त्री लावली तर? मस्त तापते. म्हणजे वायरिंग ठीक, गडबड गिझरमध्ये. मेकॅनिकने एलिमेंट बाहेर काढला तर त्यावर क्षारांचा पांढरा जाड थर, आणि थराखाली नळीला बारीक चीर. (आमच्या सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतं, ते जड.) चिरेतून पाणी आत, करंट बाहेर. वर प्लगमधली अर्थिंगची वायरही सुटलेली. गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला सुरक्षित वाटच नव्हती. ती वाट आई झाली असती.

मला काकांचा राग आला, पण खरा बग माझ्या वाक्यात होता. "चालू करून द्या" अशी रिक्वायरमेंट मीच दिली होती आणि ती त्यांनी शंभर टक्के पूर्ण केली! "का बंद पडतोय?" हे मी विचारलंच नाही. ऑफिसात कुणी एक्सेप्शन पकडून कॅच ब्लॉक रिकामा ठेवला तर मी रिव्ह्यूमध्ये त्याची सालं काढतो. घरी मात्र तेच दोनशे रुपये देऊन करून घेतलं.

माझं स्पष्ट मत आहे: संरक्षणासाठी बसवलेली वस्तू काम थांबवते तेव्हा ती बहुतेक वेळा बिघडलेली नसते, ती बोलत असते. तिचं तोंड बंद करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आणि समजा ती खरंच खराब असेल, तर बदलायची, वगळायची नाही.

घोडबंदर रोडला किंवा कल्याणला भाड्याने राहणाऱ्या मित्रांनो, आज एवढं करा. बोर्डावर आरसीसीबी आहे का बघा. त्याचं टेस्ट बटण दाबा, वीज गेली पाहिजे. सॉकेटला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पाणी जड असेल तर वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करून घ्या. नळाला झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करा, नळाला पुन्हा हात लावू नका.

असो. नवीन एलिमेंट हजाराच्या आत आला. आईला मात्र अजून वाटतं की मी उगाच एवढा घाबरलो. वाटू दे!