नव्या कपाटाचा वास : अत्तर नको, उपाय हवा

लग्नसराईत जळगाव जामोदच्या घरांत नवे कपाट, बेड, टीव्ही युनिट येते. कपाटाचे दार उघडताच नाकाला झोंबते, डोळ्यांत पाणी येते. ‘नवीन आहे, जाईल चार दिवसांत,’ म्हणत आत डांबरगोळ्या टाकल्या जातात. पण हा वास म्हणजे इशारा आहे.

वास कशाचा?
पार्टिकल बोर्ड, एमडीएफ म्हणजे लाकडाचा चुरा किंवा तंतू चिकटवून दाबलेल्या फळ्या. स्वस्त फळ्यांत बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा चिकटा असतो. ऊन आणि दमटपणा वाढला की त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू जास्त सुटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम (३० मिनिटांची सरासरी) आहे.

सुगंधी तेलाचा उपाय काय?
वनस्पतींचे सुगंधी तेल लगेच उडून जाते. म्हणून त्याचे थेंब स्टार्च, डिंक अशा पदार्थांच्या अतिसूक्ष्म कवचांत बंद करून फळीत किंवा लेपात मिसळतात. कवचातून तेल हळूहळू बाहेर येते आणि सुगंध टिकतो. सातपुड्यातल्या रोशा गवताचे, म्हणजे तिखाडीचे तेलही अशा कामाचे ठरू शकते.

मग अडचण कुठे?
वास दबला म्हणजे वायू गेला, असे नाही. उलट लिंबूवर्गीय तेलांतील लिमोनिनसारख्या घटकांची हवेतील ओझोनशी क्रिया होऊन आणखी फॉर्मल्डिहाइड तयार होते. ज्या घरात तान्हे बाळ किंवा दम्याचा रुग्ण आहे, तिथे हा सुगंध फसवा ठरेल. आधी चिकटा सुधारावा, सुगंध नंतर.

घरात काय करावे?
- खरेदीवेळी ‘ई-१’ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची फळी मागावी आणि तसे बिलावर लिहून घ्यावे.
- कापलेल्या उघड्या कडा पट्टीने बंद करून घ्याव्यात.
- नवे कपाट काही आठवडे दारे उघडी ठेवून हवेशीर जागी ठेवावे. बाळाच्या खोलीत लगेच नेऊ नये.

पऱ्हाटीचे काय?
या कापूसपट्ट्यात वेचणीनंतर पऱ्हाटी अनेकदा बांधावर जाळली जाते. तिच्यापासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचे तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केले आहे. असे कारखाने इथे यावेत, शेतकऱ्याला दोन पैसे मिळावेत. पण फळी कमी उत्सर्जनाचीच हवी. नाहीतर शेतातला धूर टळेल आणि घरातला वायू वाढेल.